थ्रेड पूल सुरू होतानाच अडकतोय? इनिशियलायझेशनचे बग कसे पकडायचे आणि कसे दुरुस्त करायचे

नाशिकला कॉलेज संपवून अंबड-सातपूरच्या कंपनीत किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या छोट्या ऑफिसात नुकत्याच लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. सुरुवातीलाच कुणीतरी सिनियर येऊन सांगतो, "ही लायब्ररी कधीकधी सुरूच होत नाही, जरा बघ ना." आणि ती लायब्ररी निघते थ्रेड पूलची, सी प्लस प्लसमध्ये, लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला. तुमच्या लॅपटॉपवर ती दहा वेळा चालवा, दहाही वेळा नीट चालते. मग दोन दिवस कोड नुसता बघत बसण्यात जातात. ते दोन दिवस वाचावेत म्हणून मी ज्या क्रमाने काम करतो तो क्रम इथे सांगतोय.

थ्रेड पूल म्हणजे काय ते थोडक्यात. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत बाकीच्यांसोबत समांतर पळणारा कामाचा एक धागा. प्रत्येक कामासाठी नवा थ्रेड बनवणं महाग पडतं, म्हणून ठरावीक थ्रेड आधीच उभे करून ठेवायचे, मध्ये एक क्यू ठेवायची, क्यूत काम पडलं की जो थ्रेड मोकळा असेल तो ते उचलतो. क्यूला कुलूप म्हणून म्युटेक्स, काम नसताना थ्रेडने झोपावं आणि काम आलं की उठावं म्हणून कंडिशन व्हेरिएबल, आणि सगळं बंद करायला स्टॉप नावाचा एक फ्लॅग. साध्या पूलमध्ये याच्यापलीकडे फार काही नसतं, आणि तरी सुरुवातीलाच अडकणारे पूल मी इतके पाहिलेत की आता कोड उघडला की माझी नजर आधी कन्स्ट्रक्टरकडेच (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडकडे) जाते.

द्राक्षाच्या सीझनला पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरीला टोळ्या येतात हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. आता समजा मुकादमाने अजून काटा मांडलेला नाही, क्रेट आलेले नाहीत, कुठल्या ओळीपासून खुडायचं ते ठरलेलं नाही, आणि टोळी बागेत सोडून दिली. कुणी कात्री घेऊन नुसतं उभं राहील, कुणी भलतीच ओळ खुडून मोकळं होईल. थ्रेडचं अगदी असंच होतं. सी प्लस प्लसमध्ये एसटीडी थ्रेडचा ऑब्जेक्ट बनला की तो थ्रेड त्याच क्षणापासून पळायला मोकळा असतो, वेगळं स्टार्ट म्हणावं लागत नाही. जावात थ्रेडला स्टार्ट करावं लागतं, आणि तिथला थ्रेडपूलएक्झिक्युटर तर मुद्दाम सांगितलं नाही तर काम येईपर्यंत थ्रेड बनवतच नाही, म्हणून जावातून आलेल्या माणसाचा इथे पाय घसरतो. खाली जे काही येईल ते सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं: टोळी सोडायची ती सगळ्यात शेवटी, काटा-क्रेट सगळं मांडून झाल्यावर.

पायरी पहिली, बग आधी हातात आणा

दुरुस्तीला हात लावायच्या आधी बग आपल्याला पाहिजे तेव्हा दिसला पाहिजे. त्यासाठी एक अगदी छोटा प्रोग्राम लिहा, त्यात लूप, आणि लूपमध्ये पूल बनवायचा आणि लगेच मोडायचा, हजार वेळा. काम एकही द्यायचं नाही. हा रिकामा प्रकार लोक विसरतात आणि बग नेमका तिथेच सापडतो, कारण थ्रेड अजून पूर्ण जागेही झालेले नसतात तेवढ्यात डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट मोडताना चालणारा कोड) येऊन धडकतो. मग दुसरा प्रकार, एक काम देऊन मोडायचा. तिसरा, भरपूर कामं टाकून. प्रोग्राम लिनक्सच्या टाइमआउट कमांडखाली चालवा, दहा सेकंद वगैरे देऊन, म्हणजे अडकला तर तुम्ही चहाला गेलात तरी कळेल.

नुसतं एवढ्याने दिसलं नाही तर टास्कसेट कमांडने सगळा प्रोग्राम एकाच सीपीयूवर बांधा, टास्कसेट डॅश सी शून्य. एकाच कोअरवर थ्रेडची पळण्याची वेळ पार बदलते आणि लॅपटॉपच्या आठ कोअरवर जे महिनोन्महिने दिसलं नसतं ते पाच मिनिटांत दिसतं. ऑप्टिमायझेशन बंद ठेवूनही चालवा आणि ओ टू लावूनही चालवा. आणि अजून एक युक्ती, कन्स्ट्रक्टरमध्ये पहिला थ्रेड बनतो त्या ओळीच्या लगेच खाली मुद्दाम ५० मिलिसेकंदांचा स्लीप टाका. त्याच्या खालच्या ओळींवर थ्रेड अवलंबून असेल तर आता तो प्रत्येक वेळी आपटेल.

पण हा स्लीप फक्त शोधण्यासाठी! उलट्या जागी स्लीप टाकून, म्हणजे थ्रेडच्या फंक्शनच्या सुरुवातीला १०० मिलिसेकंद झोप देऊन बग "दुरुस्त" केलेला कोड मी प्रत्यक्ष पाहिलाय, आणि तो दोन वर्षं चालला, मग हळू मशीनवर परत मोडला. असं कृपया करू नका, तुमच्या नंतर येणाऱ्या माणसाला ते शोधणं फार कठीण जातं.

पायरी दुसरी, अडकलेल्या प्रोग्रामचा फोटो काढा

प्रोग्राम अडकला की मारून टाकायची घाई करू नका, तो तसाच राहू द्या आणि जीडीबी (डीबगर) त्याला जोडा, डॅश पी आणि प्रोसेस आयडी. उबुंटूवर परवानगी नाही म्हणाला तर सुडो लावा, तिथे दुसऱ्या प्रोसेसला जोडण्यावर मुळातच बंधन असतं. आत गेल्यावर एकच कमांड, थ्रेड अप्लाय ऑल बीटी. प्रत्येक थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये उभा आहे ते सगळं समोर येतं.

हे वाचायची सवय लावून घ्या, खरंच सांगतो, अर्धं निदान इथेच होतं. मेन थ्रेड जॉइनमध्ये (दुसरा थ्रेड संपण्याची वाट बघत) थांबलाय आणि सगळे वर्कर, म्हणजे पूलमधले थ्रेड, कंडिशन वेटमध्ये झोपलेत, म्हणजे स्टॉपचा निरोप कुणापर्यंत पोचलाच नाही. मेन फ्युचरच्या गेटमध्ये (दिलेल्या कामाच्या उत्तराची वाट बघत) थांबलाय आणि वर्कर एकही दिसत नाही, म्हणजे थ्रेड बनलेच नाहीत किंवा बनल्या बनल्या परत गेले. मेन कन्स्ट्रक्टरमध्येच आहे आणि वर्कर सीएक्सए गार्ड अक्वायर नावाच्या फंक्शनमध्ये अडकलेत, तर ती वेगळी गोष्ट आहे, ती खाली नीट सांगतो कारण तिने मला एकदा चांगलंच रडवलंय.

प्रोग्राम अडकत नसेल पण उलटसुलट वागत असेल तर थ्रेड सॅनिटायझर वापरा, तो रेस शोधतो, म्हणजे दोन थ्रेड कुलूप न लावता एकाच वेळी एकाच डेटाला हात लावतात ते. जीसीसी किंवा क्लँगला एफसॅनिटाइझ इक्वल्स थ्रेड हा फ्लॅग द्या, सोबत डॅश जी म्हणजे लाइन नंबर मिळतील. प्रोग्राम बराच हळू होतो, साधारण ५ ते १५ पट, मेमरीही खूप खातो, ते चालतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर त्याच्यासोबत एकाच बिल्डमध्ये लावता येत नाही, वेगळं बिल्ड करा. नव्या लिनक्स कर्नलवर हा सुरू होतानाच "अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग" म्हणून बंद पडू शकतो, तेव्हा तुमच्या कोडचा काही दोष नसतो, सिसकंट्रोलने व्हीएम डॉट एमएमॅप रँड बिट्स २८ करा आणि परत चालवा. आणि लक्षात ठेवा, हा प्रत्यक्ष पळालेल्या कोडमधलीच रेस दाखवतो, त्यामुळे पहिल्या पायरीतला लूप याच्याखाली चालवला तरच फायदा.

पायरी तिसरी, क्लासची डिक्लेरेशन वरून खाली वाचा

आता कोड. कन्स्ट्रक्टर उघडायच्या आधी क्लासमधले मेंबर कुठल्या क्रमाने लिहिलेत ते एका कागदावर उतरवा. मी पाहिलेल्या एका पूलमध्ये क्रम असा होता:

वर्कर्स, थ्रेडचा व्हेक्टर
टास्क्स, कामांची क्यू
म्युटेक्स
कंडिशन व्हेरिएबल
स्टॉप, साधा बूल

दिसायला काहीच चूक नाही. पण सी प्लस प्लसमध्ये मेंबर बनतात ते क्लासमध्ये ज्या क्रमाने डिक्लेअर केलेत त्याच क्रमाने, इनिशियलायझर लिस्टमध्ये तुम्ही कुठलाही क्रम लिहा. आणि मोडतात ते बरोबर उलट्या क्रमाने. म्हणजे इथे वर्कर्स सगळ्यात आधी जन्माला येतात आणि सगळ्यात शेवटी जातात. थ्रेड जर कन्स्ट्रक्टरच्या बॉडीत भरत असाल तर जन्माच्या वेळी वाचता, कारण बॉडी सुरू होईपर्यंत सगळे मेंबर बनून झालेले असतात. पण थ्रेड इनिशियलायझर लिस्टमध्ये किंवा डिक्लेरेशनच्या ओळीतच सुरू केला असेल तर तो पळायला लागतो तेव्हा त्याचं म्युटेक्स अजून बनलेलंच नसतं! न बनलेलं कुलूप लावायला जायचं, पुढे काय होईल त्याचा नेम नाही, कधी चालतं, कधी अडकतं, कधी सेगफॉल्ट.

वॉर्निंगचं विचाराल तर डब्ल्यू ऑल लावलं की जीसीसी रीऑर्डरची वॉर्निंग देतो, "विल बी इनिशियलाइज्ड आफ्टर" अशी, पण ती फक्त लिस्टचा क्रम आणि डिक्लेरेशनचा क्रम वेगळा असेल तरच. दोन्हीकडे एकसारखाच चुकीचा क्रम असला तर कंपायलर गप्प बसतो. म्हणून म्हटलं, कागदावर उतरवा.

त्याच कागदावर दुसरी गोष्ट बघा, स्टॉपला सुरुवातीची किंमत दिलीये का. नुसतं बूल स्टॉप लिहून सोडलं असेल तर आत काय कचरा आहे कुणास ठाऊक, आणि तो कचरा शून्य नसला की प्रत्येक वर्कर जन्मल्या जन्मल्या "अरे, थांबायचंय वाटतं" म्हणून निघून जातो. पूल रिकामा, कामं क्यूत पडून. व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबग बिल्डमध्ये हीपवरची नवी मेमरी शून्याऐवजी सीडी या हेक्स बाइटने भरलेली असते, त्यामुळे तिथे लगेच मोडतं आणि रिलीजमध्ये नशिबाने चालतं, आणि माणूस गोंधळतो. अ‍ॅटॉमिक बूल (एकाच वेळी अनेक थ्रेडनी हात लावला तरी बिघडत नाही असा) केला म्हणून सुटलो असंही नाही, सी प्लस प्लस २० च्या आधी अ‍ॅटॉमिकसुद्धा नुसता डिक्लेअर केला तर किंमतीशिवायच राहत होता. डिक्लेरेशनच्या ओळीतच फॉल्स लिहा, विषय संपला. असा न भरलेला फ्लॅग थ्रेड सॅनिटायझरला दिसत नाही, त्यासाठी व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं साधन चालवा, तो "अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू" म्हणून सांगतो.

पायरी चौथी, थ्रेड किती आणि कुणाला काय दिलं

थ्रेड किती बनवायचे यासाठी बहुतेक पूल हार्डवेअर कॉन्करन्सीला (मशीनवर एकाच वेळी किती थ्रेड पळू शकतात ते सांगणाऱ्या फंक्शनला) विचारतात. स्टँडर्डने त्या फंक्शनला शून्य परत द्यायची मुभा दिलीये, आकडा काढता आला नाही तर. शून्य थ्रेडचा पूल म्हणजे काम घेणारा कुणीच नाही. पण प्रत्यक्षात याहून जास्त भेटतो तो प्रकार वेगळाच, लोक मेन थ्रेडसाठी एक कोअर सोडायची म्हणून त्यातून एक वजा करतात. एका कोअरच्या व्हर्च्युअल मशीनवर एक वजा एक, शून्य. आणि मूळचंच शून्य आलं असेल तर ती किंमत अनसाइन्ड असते, शून्यातून एक गेला की होतात ४२९४९६७२९५, आणि पूल तितके थ्रेड बनवायला निघतो. कमीत कमी एक, ही अट वजाबाकी झाल्यावर लावा, आणि वजाबाकीच्या आधी शून्य आहे का तेही बघा. डॉकरमध्ये सीपीयू कोटा लावून कमी केला असेल तरी लिनक्सवर हे फंक्शन तो कोटा धरत नाही, होस्टचे सगळे कोअर सांगतं, त्यामुळे आकडा बाहेरून देता येईल अशी सोय लायब्ररीत असावी असं माझं ठाम मत आहे.

मग थ्रेडला दिलेला नंबर. फॉर लूपमध्ये थ्रेड बनवताना लॅम्ब्डाने सगळं रेफरन्सने पकडलं, किंवा सी मध्ये पीथ्रेड क्रिएटला आय चा पत्ता दिला, की थ्रेड जागा होईपर्यंत आय पुढे गेलेला असतो. दोन वर्करना एकच नंबर, एक नंबर गायब, आणि शेवटच्याला अ‍ॅरेच्या बाहेरचा. आय किंमतीने द्या.

याचाच मोठा भाऊ म्हणजे व्हेक्टर वाढतानाचा बग. प्रत्येक वर्करचा एक स्ट्रक्ट, त्यात त्याची स्वतःची क्यू, ते सगळे व्हेक्टरमध्ये, आणि लूपमध्ये एक स्ट्रक्ट ढकलायचा, त्याचा थ्रेड सुरू करायचा, मग पुढचा ढकलायचा. व्हेक्टर भरला की तो नवी जागा घेतो आणि सगळे स्ट्रक्ट तिकडे हलवतो, आणि आधीच पळत असलेले थ्रेड मात्र जुन्याच पत्त्यावर काम करत राहतात. घर बदललं आणि पोस्टमन जुन्या घरी पत्र टाकतोय असं. रिझर्व्ह केलं की पत्ते बदलत नाहीत हे खरं, पण शेजाऱ्याच्या क्यूतून काम चोरणारा पूल असेल तर वर्कर तोच व्हेक्टर वाचत असतो आणि तुम्ही त्यात अजून ढकलत असता, ती रेस तशीच राहते. नीट उपाय म्हणजे दोन लूप. पहिल्यात सगळे स्ट्रक्ट बनवा, व्हेक्टर पूर्ण करा. दुसऱ्यात फक्त थ्रेड सुरू करा. पहिला लूप काटा-क्रेट मांडायचा, दुसरा टोळी सोडायचा.

सगळे थ्रेड जागे झाले का याची वाट बघणारे काही पूल असतात, एक साधा इंट काउंटर ठेवतात आणि तो भरेपर्यंत रिकाम्या व्हाइल लूपमध्ये फिरतात. तो इंट अ‍ॅटॉमिक नसेल तर ओ टू लावल्यावर कंपायलर म्हणतो हा बदलतच नाही, आणि लूप कायमचा. सी प्लस प्लस २० असेल तर एसटीडी लॅच वापरा, नसेल तर म्युटेक्स-कंडिशन. आणि खरंच वाट बघायची गरज आहे का हे आधी स्वतःला विचारा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती याच वाट बघण्यातून झाली.

सीएक्सए गार्डची गोष्ट

दिंडोरी रोडवरच्या एका पॅकहाऊसला आमचं सॉफ्टवेअर होतं, पट्ट्यावरून जाणाऱ्या द्राक्षांच्या घडांचे फोटो घेऊन रंग-आकार बघणारं. ऐन सीझनला सकाळी सुपरवायझरचा फोन, "भाऊ, पट्टा फिरतोय पण स्क्रीनवर काहीच येत नाही." मी ऑफिसात तेच व्हर्जन लावलं, पहिल्या फटक्यात सुरू. तिकडे परत चालू करायला सांगितलं, परत अडकलं. दहापैकी दहा वेळा तिकडे अडकायचं, इकडे एकदाही नाही. बाहेर प्रीकूलिंगला जायचा माल क्रेटमध्ये थांबलेला, आणि द्राक्षाला थांबवून चालत नाही, त्यामुळे शेवटी बाईक काढून तिकडेच गेलो.

जीडीबी जोडला. मेन थ्रेड पूलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, सगळे वर्कर तयार होण्याची वाट बघतोय. चारही वर्कर सीएक्सए गार्ड अक्वायरमध्ये. तेव्हा मला हे फंक्शन काय आहे हेही माहीत नव्हतं. झालं होतं असं की पूल सिंगलटन (सगळ्या प्रोग्राममध्ये एकच ऑब्जेक्ट) होता, इन्स्टन्स नावाच्या फंक्शनच्या आत स्टॅटिक. सी प्लस प्लस ११ पासून असा आतला स्टॅटिक बनवताना कंपायलर स्वतःच एक पहारा ठेवतो, पहिला थ्रेड तो बनवत असेल तर बाकीच्यांनी बनून होईपर्यंत थांबायचं. हा पहारा म्हणजेच ते गार्ड. आता वर्कर जागा झाला की एक डीबग लॉग लिहायचा, आणि लॉगर त्या ओळीत वर्करचा नंबर टाकण्यासाठी पूलच्या इन्स्टन्सला विचारायचा. इन्स्टन्स अजून बनतोय, म्हणून वर्कर थांबला. इन्स्टन्स बनत नाही कारण तो वर्करची वाट बघतोय. दोघंही एकमेकांच्या दारात उभे.

आणि ऑफिसात का नाही? तिकडे आदल्या आठवड्यात दुसऱ्याच कारणाने डीबग लॉग चालू करून ठेवला होता, मीच. लॉग बंद असला की लॉगर इन्स्टन्सला विचारायचाच नाही.

त्या दिवशी लॉग बंद करून पट्टा सुरू करून दिला, आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन खरी दुरुस्ती केली: वर्करला त्याचा नंबर बनतानाच द्यायचा, थ्रेड लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवायचा, लॉगरने तो तिथून घ्यायचा, पूलला विचारायचंच नाही. आणि कन्स्ट्रक्टरमधली वाट बघणं काढून टाकलं, कारण त्याची काहीच गरज नव्हती. वर्कर उशिरा जागा झाला तरी काम क्यूत असतंच, झोपण्याआधी तो क्यू बघतो, काम हरवत नाही.

ग्लोबल पूलचे दुसरेही त्रास आहेत, त्यांवरून भराभर जातो. फाइलच्या पातळीवर ग्लोबल पूल ठेवला आणि त्याच्या वर्करने दुसऱ्या फाइलमधला ग्लोबल वापरला तर दोन फाइलींत आधी कोण बनेल याची हमी नाही. विंडोजवर डीएलएलच्या डीएलएल मेनमधून थ्रेड बनवून त्याची वाट बघितली तर लोडरच्या कुलपात हमखास अडकतो. लिनक्सवर फोर्क केलं (प्रोसेसची प्रत काढली) की चाइल्डमध्ये, म्हणजे त्या प्रतीत, फक्त फोर्क करणारा थ्रेड उरतो, पूलचे बाकीचे थ्रेड तिकडे नसतातच, पण पूलचा ऑब्जेक्ट मात्र सगळं ठीक असल्यासारखा दिसतो, आणि एखादं म्युटेक्स त्या क्षणी लागलेलं असेल तर तिकडे ते कायमचं लागलेलं. म्हणून फोर्क आधी, पूल नंतर.

वारसा घेतलेला पूल

बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये थ्रेड सुरू, आणि थ्रेड जे फंक्शन बोलावतो ते व्हर्च्युअल, ज्याचा खरा कोड डिराइव्ह्ड क्लासमध्ये. बेसचा कन्स्ट्रक्टर चालू असताना डिराइव्ह्ड अजून जन्मलेलाच नसतो, त्यामुळे घाईचा थ्रेड "प्युअर व्हर्च्युअल मेथड कॉल्ड" म्हणून सगळा प्रोग्राम घेऊन मरतो. काही जण वेगळं स्टार्ट फंक्शन ठेवतात, चालतं, पण मग कुणीतरी ते बोलवायला विसरतं. मला वारसाच नको वाटतो इथे, वर्करने काय करायचं ते फंक्शन कन्स्ट्रक्टरला पॅरामीटर म्हणून द्यावं, क्लास फायनल करावा.

पायरी पाचवी, दुरुस्त पूलचा साचा

मेंबरचा क्रम असा करा: स्टॉप फॉल्ससकट, मग म्युटेक्स, कंडिशन व्हेरिएबल, टास्क्स, आणि सगळ्यात खाली वर्कर्स. वर्कर्स शेवटी जन्मतात आणि सगळ्यात आधी जातात, म्हणजे थ्रेड जिवंत असेपर्यंत त्याचं कुलूप जिवंत. सी प्लस प्लस २० चा जेथ्रेड वापरत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तो स्वतःच्या डिस्ट्रक्टरमध्ये जॉइन करतो, आणि वर्कर्स वर लिहिलेले असतील तर त्या जॉइनच्या वेळी म्युटेक्स आधीच गेलेलं असतं.

थ्रेड बनवताना मध्येच एरर येऊ शकते हे नवखे लोक धरतच नाहीत. समजा ६४ पैकी चाळीसावा थ्रेड बनला नाही, सिस्टीमची मर्यादा संपली, एसटीडी सिस्टीम एररचा थ्रो झाला. कन्स्ट्रक्टर अर्धवट राहिला म्हणून पूलचा डिस्ट्रक्टर चालतच नाही, पण बनलेले मेंबर मोडले जातात, व्हेक्टरमध्ये ३९ जिवंत थ्रेड, आणि जॉइन न केलेला एसटीडी थ्रेड मोडला की टर्मिनेट. वापरणाऱ्याने बाहेर कॅच लावलं असलं तरी त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणून थ्रेडच्या लूपभोवती ट्राय, कॅचमध्ये स्टॉप ट्रू करा, सगळ्यांना उठवा, जेवढे बनले तेवढे जॉइन करा, आणि एरर परत फेका. जेथ्रेड घेतला तर हे काम कमी होतं, जीसीसी १० पासून तो आहे, पण वर्करने स्टॉप टोकन (जेथ्रेडकडून येणारा थांबण्याचा निरोप) ऐकलं पाहिजे आणि कंडिशन व्हेरिएबल एनी वर थांबलं पाहिजे, साध्या कंडिशन व्हेरिएबलला टोकनचं काही कळत नाही.

आणि स्टॉप बदलताना म्युटेक्स धरा, तो अ‍ॅटॉमिक असला तरी. रिकाम्या पूलच्या लूपमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा बग हाच. वर्करने कुलूप धरून पाहिलं, स्टॉप फॉल्स, क्यू रिकामी, आता झोपणार. नेमकं त्याच्या झोपण्याआधी मेनने कुलूप न धरता स्टॉप ट्रू केला आणि नोटिफाय ऑल मारला. हाक मारली तेव्हा झोपलेलं कुणी नव्हतंच, आणि त्यानंतर वर्कर झोपला तो झोपलाच. कुलूप धरून बदललं तर मेनला मध्ये शिरायला ती फटच मिळत नाही. नोटिफाय कुलूप सोडल्यावर केलं तरी चालतं. वेट मात्र नेहमी अटीसकट लिहा, कारण थ्रेड विनाकारणही उठू शकतो.

पायरी सहावी, टेस्ट आणि पॅच

पहिल्या पायरीतला लूप फेकून देऊ नका, तोच आता टेस्ट. जुन्या कोडवर तो अडकतो आणि नव्यावर अडकत नाही हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नुसतं नवं चाललं म्हणून खूश होऊ नका. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) तो टाइमआउटखाली टाका, एकदा साध्या बिल्डवर, एकदा थ्रेड सॅनिटायझरच्या, एकदा एका सीपीयूवर बांधून. थ्रेड न बनण्याची केस तपासायला डॉकर रनला पिड्स लिमिट २० द्या आणि ६४ थ्रेडचा पूल मागा, प्रोग्रामने नीट एरर सांगून परत यायला पाहिजे, कोसळायला नको.

एका पॅचमध्ये एकच बग ठेवा. मेंबरचा क्रम बदलणं वेगळा कमिट, स्टॉपचं कुलूप वेगळा, थ्रेडच्या संख्येचा वेगळा. क्लासमध्ये वर्कर्सच्या वर एक कॉमेंट टाका, "हा मेंबर शेवटीच राहू द्या, थ्रेड वरच्या सगळ्यांवर अवलंबून आहेत", नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी मेंबर अक्षरांच्या क्रमाने नीटनेटके लावेल आणि तो परत वर जाईल. कमिट मेसेजमध्ये काय बदललं ते दोन शब्दांत आणि का ते सविस्तर. त्या पॅकहाऊसवाल्या दुरुस्तीचा माझा मेसेज असा होता: "वर्करचा नंबर थ्रेड लोकलमध्ये हलवला. आधी लॉगर पूलच्या इन्स्टन्सला विचारत होता, इन्स्टन्स बनत असताना वर्करने लॉग लिहिला की दोघं एकमेकांसाठी थांबत होते. डीबग लॉग चालू असतानाच दिसतं. टेस्ट डीबग लॉग चालू ठेवूनच चालवावी."